हलक्या आवाजाला कान देताना

माणसाला ऐकू येऊ शकेल असा मंदातला मंद आवाज कानावर पडतो, तेव्हा कानाचा पडदा किती हलत असेल? हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासाचा साधारण दहावा हिस्सा. एवढ्याशा हालचालीची खबर मेंदूपर्यंत पोचते आणि शांत खोलीत बसलेला माणूस मान वर करून म्हणतो, "काहीतरी वाजलं." दुसऱ्या टोकाला हाच कान त्याच्या लाख कोटी पट शक्तीचा आवाजही पेलतो. तिथे मात्र ऐकणं संपतं आणि दुखणं सुरू होतं.

हा अवाढव्य पल्ला मोजायला आपण डेसिबलची पट्टी वापरतो. ऐकण्याचा उंबरठा ०, कुजबुज ३० च्या आसपास, समोरासमोरच्या गप्पा ६०, रॉक संगीताचा कार्यक्रम १०० च्या पुढे. पट्टीवर दर १० पायऱ्यांना आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे गप्पांपासून रॉकच्या मंचापर्यंत जाताना ती १०,००० पट वाढलेली असते.

सगळं जग या पट्टीच्या वरच्या टोकाकडे धावत असताना काही जणांनी हट्टाने खालच्या टोकाशी उभं राहून काम केलं. त्यांतला एक अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलुथ शहरातला 'लो' हा बँड, आणि दुसरी जेनेट मकर्डी ही टीव्हीवरची अभिनेत्री. तिने आपली कहाणी एका पुस्तकात सांगितली आहे. एकीकडे गाणी, दुसरीकडे गद्य. पण दोघांचे मूळ धंदे आरडाओरड्याचे होते आणि दोघांनीही लोकांना धरून ठेवलं ते आवाज उतरवून. हे कसं घडतं, हे शोधायला गेलं की गोष्ट थेट आपल्या कानाच्या आत शिरते, आणि तिथे जे दिसतं ते थक्क करणारं आहे.

'लो'ची सुरुवात १९९३ ची. गिटारवर अ‍ॅलन स्पारहॉक, ड्रम्सवर मिमी पार्कर. दोघं नवराबायको, शाळेपासून एकमेकांना ओळखणारे, आणि दोघंही गाणारे. सोबत एक बेस वाजवणारा. तो काळ ग्रंजचा. विकृत केलेल्या गिटारींच्या भिंती आणि त्यांवरून घसा फोडून गाणारे गायक हीच तेव्हाची तरुण अमेरिका होती. त्या दिवसांत या तिघांनी जवळजवळ थांबत थांबत चालणारं, अतिशय हळू लयीचं आणि अतिशय कमी आवाजाचं संगीत वाजवायला घेतलं. मिमी उभी राहून वाजवायची. पायाने वाजवायचा मोठा ड्रम नाहीच. एक स्नेअर, एक फ्लोअर टॉम, सिंबल, आणि हातात बहुतेकदा काठ्यांऐवजी ब्रश. १९९४ मध्ये 'आय कुड लिव्ह इन होप' हा त्यांचा पहिला अल्बम आला. पुढे या धाटणीला समीक्षकांनी 'स्लोकोर' असं नाव दिलं.

असलं संगीत घेऊन ते ज्या क्लबांमध्ये जात, तिथे लोक बिअर प्यायला आणि मोठ्याने बोलायला आलेले असत. गप्पांच्या गलक्यात गाणं बुडून जाई. अशा वेळी कुठलाही बँड अ‍ॅम्प्लिफायरचं बटण वर नेतो. 'लो'ने उलट केलं. श्रोते लक्ष देत नाहीत असं दिसलं की ते आवाज आणखी खाली आणत.

वरवर हा आडमुठेपणा वाटतो. पण यामागचं शास्त्र १९११ मध्येच एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने नोंदवून ठेवलं होतं. माणसाच्या आजूबाजूला गोंगाट वाढला की तो नकळत आपला आवाज वाढवतो. ठरवून नव्हे, आपोआप. पक्ष्यांमध्येही हे दिसलं आहे. आता क्लबची कल्पना करा. बँड मोठा झाला की बोलणारे मोठ्याने बोलतात, म्हणून बँड आणखी मोठा होतो, म्हणून बोलणारे ओरडू लागतात. हे चक्र वरच्याच दिशेने फिरत राहतं. बँडने आवाज उतरवला की चक्र उलटं फिरू शकतं. बोलणाऱ्याला अचानक स्वतःचाच आवाज खणखणीत ऐकू येतो. शेजारच्या टेबलालाही तो ऐकू जातोय हे त्याच्या लक्षात येतं. तो वरमतो, हळू बोलू लागतो. शेजारचाही हळू होतो.

आवाज खाली आला की आणखी एक गोष्ट घडते. मोठ्या आवाजातले खर्जाचे सूर वरच्या पट्टीतल्या बारीक सुरांना झाकून टाकतात, आणि आवाज जितका मोठा तितकं हे झाकण दूरवर पसरतं. १०० डेसिबलच्या बेसखाली गायिकेने घेतलेला श्वास कुणाला ऐकू येणार? खर्ज शांत झाला की झाकण आक्रसतं. मग ब्रश कातड्यावरून फिरतानाची खसखस, तारेवरून बोट उचललं जाण्याचा आवाज, शब्दाच्या आधीचा श्वास, सगळं वर येतं. कमी आवाजात संगीत कमी ऐकू येतं असं आपण धरून चालतो. तपशील मात्र जास्त ऐकू येतात.

आणि त्या दोघांचं एकत्र गाणं! अ‍ॅलन आणि मिमी जवळजवळ सरळ, न हलणारे सूर लांबवत गायचे. दोन सूर जुळायला थोडे कमी पडले, म्हणजे एकाची कंपनं सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असली, तर त्यांच्या एकत्र आवाजात सेकंदाला दोनदा लाट येते. तंबोरा जुळवताना आपल्याकडचे गवई हीच लाट ऐकत खुंटी पिळत असतात. ती विरत विरत थांबली की तार लागली. पण ही लाट ऐकू यायला सूर पुरेसा वेळ टिकावा लागतो. जलद गाण्यात सूर लागला की नाही हे कळेपर्यंत पुढचा सूर आलेला असतो. 'लो'च्या लयीत कानाला वेळच वेळ मिळतो. दोन माणसांचे गळे एकमेकांजवळ सरकतायत, जुळतायत, हे आपण प्रत्यक्ष घडताना ऐकतो.

आता कानाच्या आत डोकावू, कारण सगळ्यात मोठं नवल तिथे आहे. आतल्या कानात कॉक्लिया नावाची शंखाकृती नळी असते. द्रवाने भरलेली, वाटाण्याएवढी. तिच्यात केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३,५००. त्या आवाजाची बातमी मेंदूला पोचवतात. बाहेरच्या तीन रांगांमध्ये सुमारे १२,०००. या बाहेरच्या पेशी करतात काय? त्या नाचतात. आवाजाची लाट आली की तिच्या तालावर स्वतःची लांबी कमी-जास्त करतात आणि त्या लाटेला स्वतःची शक्ती देतात. झोपाळा परत येताना नेमक्या क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्याने झोका मोठा व्हावा, तसं. यातली खरी गंमत पुढे आहे: ही मदत मंद आवाजांना सर्वांत जास्त मिळते. अगदी हलक्या आवाजाला कान ४० ते ६० डेसिबलपर्यंत उचलून धरतो. मोठ्या आवाजाला ही मदत जवळजवळ मिळतच नाही. उलट आवाज फारच मोठा झाला तर मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू ताणला जातो आणि तो आवाज आत जाण्याला अडसर घालतो. हा आपल्या शरीरातला सांगाड्याला जोडलेला सर्वांत लहान स्नायू.

म्हणजे मोठ्या आवाजापुढे कान मागे सरतो आणि हलक्या आवाजाकडे पुढे होतो. हा नुसता अलंकार नाही, हे यंत्राचं वर्णन आहे. या पेशींच्या नाचामुळे कानातून स्वतःचे सूक्ष्म आवाजही बाहेर पडतात. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये ते मायक्रोफोनने टिपून दाखवले. आज नवजात बाळाला ऐकू येतं का, हे तपासताना त्याच्या कानातून येणारं हे उत्तरच मोजतात. ऐकणं म्हणजे कानाने नुसतं घेणं नव्हे. हलका आवाज ऐकताना कान स्वतः काम करतो, स्वतःची शक्ती खर्च करतो.

याच तत्त्वाचा एक विलक्षण नमुना टोरंटोमध्ये घडला. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी 'काउबॉय जंकीज' हा कॅनडाचा बँड १८४७ मध्ये बांधलेल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये वाजवायला बसला. समोर प्रेक्षक नव्हते. वादकांच्या मधोमध एकच मायक्रोफोन होता. त्यात चार संवेदक चार दिशांना तोंड करून बसवलेले, त्यामुळे चहूबाजूंचा आवाज जिथल्या तिथे टिपला जाई. स्टुडिओत प्रत्येक वाद्याला वेगळा मायक्रोफोन असतो आणि कोण किती मोठं वाजावं हे नंतर ठरवता येतं. इथे नंतर काहीच करता येणार नव्हतं. ध्वनिमुद्रण करणारा पीटर मूर माणसांनाच हलवत राहिला: तू जरा मागे, तू पुढे, अ‍ॅम्प्लिफायर थोडा वळव. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, या साध्या नियमावर त्याने सगळा तोल साधला. गायिका मार्गो टिमिन्स इतक्या हळू गात होती की तिचा आवाज ध्वनिक्षेपकातून त्या मायक्रोफोनपर्यंत पोचवावा लागला. आणि बाकीचे सगळे? तिला झाकू नये म्हणून त्यांनीही आपापला आवाज खाली आणला. सगळ्या बँडचं माप एका हलक्या गळ्यावरून ठरलं.

'द ट्रिनिटी सेशन' या नावाने १९८८ मध्ये हा अल्बम आला. ऐकताना चर्चच्या भिंतींवरून परतणारा आवाज स्पष्ट जाणवतो. अशा उंच छताच्या इमारतीत सूर उमटल्यावर बराच वेळ रेंगाळतो. जलद वाजवलं तर सगळं एकमेकांत कालवलं जाईल. त्यांनी हळू वाजवलं आणि प्रत्येक सुराला विरायला जागा दिली. मला या अल्बममध्ये माणसं एकमेकांचं ऐकतायत हेच सर्वांत ठळक ऐकू येतं.

आता पुस्तकाकडे. कागदावर डेसिबल नसतात. तरीही काही गद्य ओरडतं आणि काही हळू बोलतं, हे कुठल्याही वाचकाला कळतं. कसं?

जेनेट मकर्डीचा जन्म १९९२ चा, कॅलिफोर्नियाचा. सहाव्या वर्षापासून ती कामं मिळवण्यासाठी चाचण्या देत होती, कारण तिच्या आईला स्वतः अभिनेत्री व्हायचं राहून गेलं होतं. २००७ ते २०१२ या काळात निकलोडियन वाहिनीवरच्या 'आयकार्ली' या मालिकेत तिने सॅम नावाच्या मुलीचं काम केलं आणि जगभरातल्या मुलांच्या ओळखीची झाली. सॅम दांडगट, मोठ्याने बोलणारी, सतत काहीतरी खात असणारी. प्रत्येक विनोदानंतर ध्वनिमुद्रित हशा. कुठे हसायचं हे प्रेक्षकाला सांगितलं जात होतं.

त्याच वर्षांत ती प्रत्यक्षात उपाशी राहत होती. त्याच्याही आधी, वयाच्या अकराव्या वर्षी, आपण मोठं होऊ लागलो की आईला आवडणार नाही या भीतीने, लहानच राहता येईल का असं तिने विचारलं. आणि आईने तिला कमी खाण्याची रीत शिकवली. २०१३ मध्ये आई कर्करोगाने गेली. पुढे जेनेटने अभिनय सोडला, उपचार घेतले, लिहायला लागली. २०२० मध्ये आधी एकपात्री प्रयोग केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'आय'म ग्लॅड माय मॉम डाइड' हे आत्मकथन आलं. शीर्षक कानात ओरडल्यासारखं आहे, आई गेली याचा आनंद झाला असं सरळ सांगणारं. पान उलटलं की मात्र आवाज एकदम उतरतो.

सुरुवातीच्याच प्रसंगात आई दवाखान्यात बेशुद्ध आहे. भाऊ एकेक करून तिच्या कानाशी आपापली आनंदाची बातमी सांगतात, की ती ऐकून तिने डोळे उघडावेत. मग जेनेटची पाळी. तीही कानाशी वाकते आणि आईला सर्वांत जास्त सुख देईल अशी तिच्या मते असलेली बातमी सांगते: आपलं वजन आईला हवं होतं तितकं उतरलं आहे. आई डोळे उघडेल अशी तिची खात्री असते. एवढंच. पुढे टीका नाही, स्पष्टीकरण नाही, 'तेव्हा मला कळलं नव्हतं की' असं काही नाही.

सगळं पुस्तक याच रीतीने चालतं. आई असतानाचा काळ आणि त्यानंतरचा काळ असे दोन भाग, छोटी छोटी प्रकरणं, आणि सगळं वर्तमानकाळात. सहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या समजुतीने बोलते. अकरा वर्षांची जेनेट उपाशी राहण्याला आई-लेकींचं गोड गुपित मानते आणि खूश होते. मोठी झालेली, सगळं कळलेली लेखिका मध्ये येऊन एकदाही म्हणत नाही की पाहा, हे किती भयंकर होतं. तो शब्द वाचकाच्या मनात उमटतो. मुलीला न कळणारी गोष्ट आपल्याला कळत असते, आणि तिला सांगायची सोय नसते. या असहायतेतून जी कळ उठते ती कुठल्याही विशेषणाने उठली नसती.

यालाही शरीरातला आधार आहे. २०११ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना यंत्रात झोपवून मनातल्या मनात गोष्टी वाचायला लावल्या आणि त्यांच्या मेंदूकडे पाहिलं. पात्रांचं बोलणं अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याच्या मेंदूतला माणसाचा आवाज ओळखणारा भाग जास्त जागा होतो. तेच बोलणं 'तो म्हणाला की' असं सांगितलेलं असलं तर तितका होत नाही. खोलीत कुठलाच आवाज नाही, आणि मेंदू आवाज ऐकतोय! मकर्डीचं पुस्तक संवादांनी भरलेलं आहे. आईचं लाडाचं, धाकाचं, रडवेलं बोलणं तिने वर्णनात गुंडाळलेलं नाही, समोर ठेवलं आहे. म्हणून ती आई वाचकाच्या डोक्यात बोलू लागते. तिचा आवाज वाचकाने स्वतः तयार केलेला असतो, आणि स्वतः केलेल्या आवाजाला कानांवर हात ठेवून थांबवता येत नाही.

मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. हंसा वाडकर यांनी आपलं आयुष्य अरुण साधू यांच्यापाशी बोलून सांगितलं आणि १९७० मध्ये 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक झालं. त्यावरूनच श्याम बेनेगलांचा 'भूमिका' हा चित्रपट आला. पडद्यावर झगमगणाऱ्या बाईचा घरातला, खालच्या पट्टीतला आवाज ऐकण्याची ताकद आपल्या वाचकांनी तेव्हाच दाखवली होती. हंसाबाईही स्वतःची बाजू सजवत नाहीत. त्या सांगतात आणि पुढे जातात, निवाडा ऐकणाऱ्यावर सोपवतात.

इथे बँड आणि पुस्तक मला एकाच कामात गुंतलेले दिसतात. मोठा आवाज सगळं काम स्वतः करून टाकतो. काय वाटायचं, कधी हसायचं, कुठे रडायचं, हे ठरवून देतो आणि आपण ते फक्त झेलतो. हलका आवाज अर्धं काम आपल्याकडे देतो. उरलेलं अर्धं आपल्या केशपेशी करतात, आपला मेंदू करतो, आपली स्वतःची दुःखं करतात. म्हणून अशी कलाकृती संपल्यावर ती दुसऱ्याची राहत नाही. तिच्यात आपली मेहनत मिसळलेली असते. 'लो'ने पुढच्या काळात विजेच्या खरखरीने भरलेले, प्रचंड मोठे आवाजही वापरले. २०१८ चा 'डबल निगेटिव्ह' ऐकला की कळतं, आधीचा हळूपणा दुबळेपणातून आलेला नव्हता. तो निवडलेला होता. मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी कर्करोगाने गेली. तिच्या ध्वनिमुद्रणांत शब्दाआधीचा श्वास अजून ऐकू येतो, फक्त ऐकणाऱ्याचा कान शाबूत हवा.

आणि नेमकी तिथेच काळजी आहे. हलक्या आवाजाला उचलून धरणाऱ्या त्या १२,००० बाहेरच्या केशपेशी गोंगाटाने सर्वांत आधी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १२ ते ३५ वर्षांच्या १०० कोटींहून अधिक तरुणांचे कान मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहेत. आपल्या देशात २००० सालचे नियम राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही त्या आकड्यांचं काय होतं ते ठाऊक आहे. त्या भिंतीसमोर नाचणाऱ्या मुलाला पुढेही मोठे आवाज ऐकू येत राहतील, त्याला काही गमावल्यासारखं वाटणारही नाही. हळू बोललेलं मात्र त्याच्यापर्यंत पोचेनासं होईल. गलक्यात शेजारच्या माणसाचं बोलणं वेगळं काढता येईनासं होईल.

माणसं आपल्याला जे सर्वांत मोलाचं सांगतात ते बहुधा याच पट्टीत सांगतात: आजारी माणूस उशाशी बसलेल्याला, मूल झोपताना आईला, गुन्हा कबूल करणारा मित्र मित्राला. ऐकण्याच्या इतक्या अद्भुत यंत्राचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत कष्टाळू भाग निसर्गाने याच आवाजांसाठी राखून ठेवला आहे. तो भाग एकदाच मिळतो. इअरफोन लावलेल्या मुलाला आवाज कमी करायला सांगताना आपण त्याच्यावर बंधन घालत नसतो. पुढची पन्नास वर्षं त्याच्या कानाशी येऊन जे जे बोलतील, त्या सगळ्यांच्या वतीने आपण बोलत असतो.